वल्हं सुटलं नव्हतं

लवकर पिकणारा हलका धान कापून झाला की आमच्या आसगावात हवेला एक वास येतो. बांधीत कापलेल्या पिकाचे कडपे पसरून वाळत असतात, त्यांच्याखालची माती अजून ओलसर असते, आणि उन्हं वर आली की त्या दोन्हींचा मिळून एक वास घरात शिरतो. थोडा गोड, थोडा कुजका. मग एके दिवशी सूनबाई नव्या तांदळाचा भात लावते. झाकण उचललं की वाफ घरभर होते, नातवंडं ताटं घेऊन बसतात, आणि मी काहीतरी निमित्त काढून अंगणात जातो.

घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला नवा तांदूळ बाधतो. "मामाजी, तुमाले दरसाली नव्यानंच पित्त होते," असं म्हणत सूनबाई माझ्यापुरता जुन्या तांदळाचा भात वेगळा शिजवते. मी तिला कधी खरं सांगितलं नाही. मला पित्त होत नाही. मला त्या वासाबरोबर एका परक्या देशातली खोली आठवते, तिच्यातल्या दोन लोखंडी खाटा आठवतात.

मी नामदेव. लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालो. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून पुढची काही वर्षं मी देशासाठी नाव वल्हवली. पवनीकडच्या कोणालाही विचारा, आपल्याकडचा कोण परदेशात जाऊन नावांच्या शर्यती खेळून आला, तर तो माझं नाव सांगेल. गावच्या वाचनालयात माझा फोटो आहे. फोटोत मी एकटा आहे. नाव मात्र दोघांची होती.

दुसरा कवडू. आमच्या गावापासून सायकलनं तासाभरावर, वैनगंगेच्या काठावर त्याचं गाव होतं. होतं म्हणतो, कारण आता तिथं गोसीखुर्द धरणाचं पाणी आहे. त्याचे वडील मंगरूबाबा डोंगा चालवायचे. बाजाराला जाणारी माणसं, शेळ्या, सायकली, कधी नवरानवरी, सगळं या काठावरून त्या काठावर. मंगरूबाबांचा एक नेम होता. डोंगा काठावरून सुटला की पलीकडे टेकेपर्यंत वल्हं हातातून सोडायचं नाही. तहान लागली तर बसलेल्यांपैकी कोणीतरी तांब्यानं त्यांच्या तोंडात पाणी ओतायचं, पण हात वल्ह्यावरच. मी पहिल्यांदा त्यांच्या डोंग्यात बसलो तेव्हा ते काम मला मिळालं. अर्धं पाणी त्यांच्या छातीवर सांडलं. "पाज लेका, आंघोय नको घालू," ते म्हणाले.

भंडाऱ्याला भरतीच्या रांगेत कवडू माझ्या पुढं होता. तुराटीसारखा किडकिडीत. छाती मोजणाऱ्यानं त्याला दोनदा श्वास भरायला लावला. मी शेतकऱ्याचा पोरगा, धानाचे कट्टे उचलून खांदे रुंद झालेले, मला एकदाच मोजलं. दोघंही पुण्याकडच्या एका छावणीत गेलो. आमच्या पलटणीचं काम नद्यांवर पूल टाकायचं, त्यामुळं नावा रोजच्याच. तिथं शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आमच्या उस्तादांनी एके दिवशी कवडूला जड लोखंडी होडी एकट्यानं वळवताना पाहिलं आणि त्याला शर्यतीच्या संघात ओढलं. त्याच्या शेजारी मी उभा होतो, म्हणून मलाही. माझ्या क्रीडाजीवनाची सुरुवात एवढीच आहे. मी शेजारी उभा होतो.

शर्यतीची नाव आम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा कवडू बराच वेळ तिच्याभोवती फिरला. शेवग्याच्या शेंगेसारखी लांब, बारीक. "नामा, हे नाव व्हय का भाजी?" त्यानं विचारलं. बसलो तर दोघंही लगेच पाण्यात. नदीकाठचा पोरगा आणि पाण्यात पडला, म्हणून अख्खी पलटण हसली. पण महिनाभरात तीच नाव त्याच्या हाताखाली अशी चालायला लागली की काठावर उस्ताद बोलायचे थांबायचे.

सुट्टीत आम्ही मंगरूबाबांना सांगितलं की या नावेत जायच्या दिशेला पाठ करून बसतात. त्यांचा विश्वास बसेना.

"उलटं बसून नाव चालवता? अन् समोर खडक आला तं?"

"खडक नाही राहत बाबा, साफ तलाव राहते," कवडू म्हणाला. "अन् काठावरून उस्ताद ओरडते."

"मंग नाव तुमी चालवता का तुमचा उस्ताद चालवते?"

पण मंगरूबाबांना अभिमान होता. डोंग्यात बसणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, माहा पोरगा सरकारी नाव चालवते, चार वल्ह्यांची.

चार वल्ह्यांची, म्हणजे दोघांच्या हातात दोन-दोन. कवडू माझ्या पुढं बसायचा, मी त्याच्या मागं. मला कायम त्याची पाठ दिसायची. त्या पाठीवर मणक्याच्या डाव्या बाजूला एक जुना व्रण होता, लहानपणी डोंग्याच्या खिळ्यानं झालेला. मी माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त वेळ जर काही पाहिलं असेल तर तो व्रण.

आमचा गट हलक्या वजनाचा. नियम असा की दोघांच्या वजनाची सरासरी सत्तर किलोच्या वर जाता कामा नये, आणि एकट्याचं कोणाचं साडेबहात्तरच्या वर नको. शर्यतीच्या आधी काट्यावर उभं करतात. वजन जास्त भरलं तर नाव पाण्यात जातच नाही. आता मी मुळातला भारी. माझं काही केल्या बहात्तरच्या खाली येत नसे. म्हणजे कवडूनं अडुसष्टवर राहायचं. मी अर्धा किलो वाढलो तर त्यानं अर्धा किलो उतरायचं. बाहेरच्या माणसाला हे नीट समजत नाही, म्हणून पुन्हा सांगतो. आमच्या जोडीत मी जे खायचो ते कवडूनं उपाशी राहून फेडायचं.

हे कोणी ठरवलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी एकदा वजन जास्त भरलं. कवडू म्हणाला, "तू खा, तुही ताकद लागते मांगं. माहं मी पाहतो." पुढं ती रीतच पडली. शर्यतीचे दिवस जवळ आले की तो मेसमध्ये माझ्यासमोर बसून चिचोके चघळायचा. त्यानं तोंडाला पाणी सुटतं, ते थुंकून टाकायचं, तेवढंच वजन कमी. मी पोळ्या खायचो आणि तो थुंकायचा. आम्ही गप्पाही मारायचो. आज ते चित्र डोळ्यांसमोर आलं की मला माझ्या चावण्याचा आवाज ऐकू येतो. तेव्हा येत नव्हता.

सुट्टीत पवनीच्या राईस मिलवर हमाल आम्हाला धानाच्या काट्यावर एकदमच उभं करायचे. धानाच्या मुलखात हलकं-भारी शिकवावं लागत नाही. "हा भारी धान, हा हलका धान," एक म्हातारा हमाल बोट दाखवायचा. "पण बापा, हा हलक्याचा कट्टा कुठंतरी फुटला दिसते. दरसाली कमीच भरून राहिला." सगळे हसायचे. कवडूही हसायचा. मीही.

अशी चार-पाच वर्षं गेली. आधी पलटणीच्या शर्यती, मग देशातल्या, मग बाहेरच्या. पहिल्यांदा विमानात बसलो तेव्हा कवडूनं खिडकीतून खाली नदी पाहिली आणि विचारलं, हिच्यावर डोंगा कुठून कुठं जात असेल. एका शर्यतीत आम्ही अंतिम फेरीत गेलो. पदक नाही मिळालं, पण उस्तादांनी पहिल्यांदा दोघांच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या वर्षी मिळेल, सगळेच म्हणत होते. ऐंशीच्या दशकातलं ते पुढचं वर्ष. त्या वर्षी, याच धानकापणीच्या मोसमात ही गोष्ट घडली.

दसऱ्याला मला चार दिवसांची सुट्टी मिळाली. कवडूला मिळत होती, त्यानं घेतली नाही. घरी गेलो तर माय खाऊ घालन, मी नाही म्हणू शकणार नाही, असं म्हणाला. मी आलो तेव्हा हलक्या धानाचं नवं घरात आलं होतं. आमच्याकडे नव्याची एक रीत आहे. घरच्या प्रत्येकाच्या तोंडाला नवं लागलंच पाहिजे. जो लांब असेल त्याचा वाटा झाकून ठेवतात, कोणी जाणारा भेटला की पाठवतात. पाठवणं झालं नाही तर घरातली बाई मनातल्या मनात खात राहते, आपलं माणूस नव्यावाचून राहिलं म्हणून. माझ्या आईनं नव्या धानाचे पोहे कुटले, गुळाचे खडे घातले, आणि कापडी पिशवीत भरून दिले.

"यात त्या कवडूचाबी हिस्सा हाये," ती म्हणाली. "त्याच्या मायकडून येणं होते का नाही कोण जाणे. दोघं मिळून खाजा. शर्यत झाल्यावरच खाजा, पण खाजा."

आईला वजनाचं माहीत होतं. ती शर्यत झाल्यावर म्हणाली होती.

ती पिशवी मी समुद्रापार नेली. तिथली शर्यत एका मोठ्या, खोदलेल्या तलावावर होती. आम्हाला एक खोली, दोन खाटा. पिशवी माझ्या खाटेखाली, बुटांच्या मागं. खोलीत साबणाचा, अनोळखी जमिनीचा वास, आणि मधूनच एकदम आमच्या बांधीचा. शर्यतीच्या आदल्या दुपारी कवडू धुतलेले कपडे वाळत घालायला गच्चीवर गेला. मी पिशवी काढली. एक चिमूट तोंडात टाकली. नवं तोंडाला लावायचं, एवढंच. मग एक मूठ. कोरडे पोहे आणि गूळ, चावता चावता मी आसगावात पोचलो होतो. मग आणखी एक. घरची माणसं, आई, अंगण, सगळं तोंडात होतं आणि मला थांबता येत नव्हतं. किंवा येत असेल. मी थांबलो नाही, एवढं खरं. पिशवी रिकामी झाली तेव्हा मला कवडूचा वाटा आठवला. मग तहान लागली. कोरडे पोहे पोटात गेल्यावर जी लागते ती. आठवडाभर घोटघोट पाण्यावर काढलेल्या माणसाची. मी नळाला तोंड लावून प्यायलो.

सकाळी उस्तादांनी आम्हाला काट्यावर उभं केलं. मी जेमतेम साडेबहात्तरच्या आत होतो, पण जोडीची सरासरी सत्तरच्या वर गेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"क्या खाया?"

"कुछ नहीं, उस्ताद. पानी पकड़ लिया होगा बदन ने."

"तो उतार."

मी म्हणालो की माझ्या पोटरीत रात्रीपासून गोळा येतो आहे, धावलो तर शर्यतीत पाय धरेल. पोटरीत काही नव्हतं. पोट जड होतं आणि धावायची लाज वाटत होती, ओकारी झाली तर सगळं बाहेर दिसलं असतं. उस्ताद काही बोलायच्या आत कवडू पुढं झाला. "उस्ताद, मैं उतार देता हूँ."

त्यानं अंगावर त्याचे लोकरी कपडे चढवले आणि मग माझ्यापुढं हात केला. मी माझा स्वेटर काढून दिला. तोही त्यानं घातला, वरून रेनकोट. ऊन चढत होतं. तो तलावाच्या कडेनं धावत सुटला आणि मी सावलीत पाय चोळत बसलो, कारण आता पोटरीचं सोंग निभवायला हवं होतं. परत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. घाम यायचाही थांबला होता. अधिकाऱ्यानं वजन केलं, बरोबर भरलं. कवडू माझ्याकडे पाहून हसला. "जोडी बरोबर हाये," राईस मिलच्या हमालासारखा म्हणाला.

दोन हजार मीटरची शर्यत. अर्ध्याच्या पुढं गेलो तेव्हा आम्ही दुसरे होतो. दुसरे! मला बाजूच्या नावा मागं पडताना दिसत होत्या. मला कवडूची पाठ दिसत होती, तो व्रण पुढं जात होता, मागं येत होता. मग तो व्रण एकदा नको तिकडे गेला. पाठ डावीकडे कलली. मी ओरडलो, "कवडू!" तो पुन्हा सरळ झाला, आणखी काही वेळा वल्ही मारली, आणि मान खाली टाकून तसाच पुढं वाकला. नाव वळली, डगमगली, थांबली. बाकीच्या नावा आमच्या शेजारून निघून गेल्या. एवढी शांतता मी पाण्यावर कधी ऐकली नाही.

अंगातलं पाणी संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. मूत्रपिंडांना इजा झाली ती कायमची. त्याला तिथल्या आणि मग इकडच्या दवाखान्यात ठेवलं. मी आधी परतलो.

आता जे लिहायचं आहे ते टाळत इतका वेळ मी पोह्यांभोवती फिरत होतो.

बस भंडाऱ्यात शिरली तेव्हा स्टँडवर हार घेऊन माणसं उभी होती. हरलेल्यालाही हार घालायची आपली पद्धत. चहाच्या टपरीपाशी गराडा पडला. कोणीतरी विचारलं, "काय झालं मंग, सायब? जितत होते म्हणते."

खरं उत्तर लांब होतं. त्यात वजन होतं, सरासरी होती, पोहे होते. मी छोटं उत्तर दिलं. म्हणालो, "कवडूच्या हातून वल्हं सुटलं."

बस. तेवढंच. मी ते दुष्टपणानं म्हटलं नाही, पण चुकूनही म्हटलं नाही. मला माहीत होतं की यानंतर कोणी पुढं विचारणार नाही. आणि मला हेही माहीत असायला हवं होतं की वैनगंगेच्या काठावर या वाक्याचा अर्थ काय होतो. शेतकऱ्याच्या बैलाला लंगडा म्हणा, तो भांडेल आणि विसरेल. डोंगा चालवणाऱ्याच्या घराबद्दल वल्हं सुटलं म्हणायचं नसतं.

वाक्य माझ्याआधी नदीवर पोचलं. बाजाराच्या दिवशी डोंग्यात पाय ठेवताना कोणीतरी गंमत केली, "मंगरूबाबा, घट्ट धरा बापा, तुमच्या घरी सुटते म्हणते." सगळे हसले. पुढच्या बाजाराला पुन्हा तीच गंमत. मग एका बाईनं लेकरू कडेवर घेऊन दुसऱ्या घाटाची वाट धरली, तिच्यामागं आणखी दोघी. गंमत केव्हा संपली आणि भीती केव्हा सुरू झाली, कोणालाच कळलं नाही. वर्षभरात मंगरूबाबांनी डोंगा काठावर पालथा घातला. कवडू तेव्हा घरी आला होता, लष्करातून मोकळा होऊन, तब्येतीच्या कारणानं. बापलेक पालथ्या डोंग्यावर बसलेले असायचे, असं लोक सांगत. मी पाहायला गेलो नाही.

एकदाच भेटला. पवनीच्या बाजारात, मासळी घेऊन बसला होता. मी नव्या जोडीदाराबरोबर पदक घेऊन आलो होतो, अंगावर संघाचा कोट होता. कवडूनं मला हाक मारली नाही, मीच जवळ गेलो. त्यानं माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग पाटीतल्या मासळीवर पाणी शिंपडत, खाली बघत, त्यानं विचारलं, "नामा, एक विचारू का? मी सोडलं का रे वल्हं? मले शेवटचं काहीच आठवत नाही. लोकं म्हणते म्हून म्यानबी धरून घेतलं. पण तू मांगंच होता."

मी मागंच होतो. जगात एकट्या मला माहीत होतं. त्याला तेवढंच हवं होतं, हो किंवा नाही. आणि मी म्हणालो, "जाऊ दे ना बे. झालं ते झालं. कायले काढतं आता?"

त्यानं मान हलवली. मला दोन चांगले मासे पानात बांधून दिले.

त्यानंतर मी पुष्कळ वल्हवलं. दोनदा आणखी बाहेर गेलो. बढती मिळाली. जोडीदार मिळत गेले, उत्तम मिळाले, त्यांना माझ्यापायी कधी वजन उतरवावं लागलं नाही, कारण मी नंतर कधी पोटभर जेवलो नाही. लोकांना वाटे केवढी शिस्त. पोरांना माझं उदाहरण देत. मंगरूबाबा वारले तेव्हा मी सरावाच्या शिबिरात होतो. ते खरं होतं, पण सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. नंतर धरण झालं, पाणी चढत गेलं, कवडूचं गाव उठलं, आणि तो पुनर्वसनाच्या गावात राहायला गेला. मला एका अर्थानं बरं वाटलं, हे लिहायला हवं. तो घाट बुडाला, तो काठ बुडाला. वाटलं, वाक्यही बुडालं.

यंदा पोरापोरींसाठी धरणाच्या पाण्यावर नावा आल्या. त्याच शेवग्याच्या शेंगा. पाण्यात उतरायला पायऱ्या बांधल्या, आणि त्यांना माझं नाव द्यायचं ठरलं. कार्यक्रम ठेवला होता कवडूच्या नव्या गावाला लागूनच. बांधीत कडपे पडले होते, वारा त्यांच्यावरून येत होता. हार घालून मला बोलायला उभं केलं आणि मी ठरवून आलो होतो ते बोललो. म्हणालो, या पायऱ्यांवर माझं नाव नको. शर्यत कवडूमुळं नाही, माझ्यामुळं गेली. त्याच्या हातून वल्हं सुटलं नव्हतं. मी खोटं बोललो होतो.

मग टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. सूत्रसंचालन करणारे शिक्षक माईक घेऊन गहिवरल्या आवाजात म्हणाले, "मित्रहो, याले म्हणतात मोठा माणूस. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेते." पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. मी पुन्हा बोलायला गेलो तर कोणीतरी माझ्या हातात नारळ दिला.

तसाच, गळ्यात हार, मी कवडूच्या घरी गेलो. तो कार्यक्रमाला आला नव्हता, पण भोंग्याचा आवाज त्याच्या अंगणापर्यंत पोचत होता. खाटेवर बसला होता. अंग अगदी उतरलेलं, आता तर पन्नासही भरणार नाही.

"ऐकलं म्या," तो म्हणाला. "टाया चांगल्या पडल्या."

मी हार काढून खाली ठेवला आणि त्याला पोह्यांचं सांगायला लागलो. खाट, पिशवी, गूळ. त्यानं मला मध्येच थांबवलं.

"मले मालूम हाये ते. गच्चीवरून आलो तं खोलीत वास होता ना नव्याचा. मले वाटलं, मलेबी देशील चिमूटभर." तो हसला. "मंग म्हटलं, जाऊ दे. मायचं नवं होतं. नवं खाल्लं म्हून कोणी कोणाले बोलते का?"

म्हणजे चाळीस वर्षं मी ज्या अपराधासाठी नव्या भातावरून उठत आलो, तो त्यानं त्याच दुपारी, स्वेटर मागायच्या आधीच सोडून दिला होता.

"दुसरं सांग," तो म्हणाला. "बाजारात पुसलं होतं ते."

मी सांगितलं. की तो बेशुद्ध झाला तेव्हा दोन्ही वल्ही त्याच्या मुठीत होती. मान गळली, पाठ गळली, मुठी तशाच. की सुटकेची बोट आली, लोकांनी त्याला काखेत धरून उचलायला पाहिलं, तर तो नावेतून निघेना, कारण हात वल्ह्यांना आवळलेले होते. एकेक बोट सोडवावं लागलं.

कवडूनं दोन्ही तळवे उघडून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला. बोटं वाकडी झाली आहेत आता, जाळी ओढून ओढून. मग त्यानं विचारलं, "बोटं कोणं सोडवली?"

"मी."

"मंग तुले मालूम होतं," तो म्हणाला.

आवाज चढला नाही. घरात त्याच्या सुनेनं भात उतरवला होता, नव्या तांदळाचा, वास अंगणात आला. कवडूनं आत पाहून सांगितलं, "दोन ताटं कर वो, बाई." ताटं आली. त्यानं माझं ताट माझ्याकडे सरकवलं नाही, त्याचं त्यानं पुढं ओढलं.

"खा," तो म्हणाला. "तुहं तू खा, माहं मी खातो."

मी खाल्लं. इतक्या वर्षांनी नवं तोंडाला लागलं, आणि ते गोड लागलं, याचीही लाज वाटली. जेवून हात धुताना मी म्हणालो की हे सगळं आता लिहून काढतो, म्हणजे तरी लोक टाळ्या वाजवणार नाहीत.

"माह्यासाठी नको लिहू," कवडू म्हणाला. "माहं आता मले समजलं. बाबाचं लिही. त्याच्या डोंग्यातून कधी कोणी पडलं नाही. तो तेच म्हणत म्हणत गेला, अन् कोणी ऐकाले नव्हतं."

म्हणून लिहितो आहे. मंगरूबाबांनी उभा जन्म वैनगंगेवर डोंगा चालवला. त्यांच्या डोंग्यातून कधी कोणी पडलं नाही. त्यांच्या घरात कोणाच्याही हातून वल्हं सुटलं नाही.